रणनवरे सरांची शेवटची दहा मिनिटं

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, उत्तर डब्लिनमधल्या एका लहानशा चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, दर शनिवारी सकाळी साडेदहा ते बारा, चार वर्षं अखंड प्रयत्न होऊनही प्रभूच्या राज्यात एकाही माणसाची भर पडलेली नाही. शून्य. हे शून्य ज्यांनी एकहाती, चिकाटीनं आणि गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा अचूकपणे मिळवलं, ते श्री. शांतवन रणनवरे सर माझे शेजारी होते.

नावात सांत्वन आणि आडनावात रण, असा माणूस. उंची बेताची. अंगात बारा महिने राखाडी स्वेटर, त्यावर कोट, आणि कोटाच्या खिशात खडू. नगरच्या शाळेत अडतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या मुलानं दोन हजार चौदा साली त्यांना इकडे आणलं. येताना बॅगेत लोणचं नाही, मेतकूट नाही. गुंडाळी फळा! दोन टोकांना दांड्या असलेला, काळ्या कापडाचा, खिळ्याला टांगायचा. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तो उलगडायला लावला.

"हे काय आहे?"

"फळा."

"यात काय आहे?"

"अजून काही नाही," सर म्हणाले.

आमची घरं जुळी, मधे एकच भिंत. पहिली भेट झाली ती मी कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ओढत असताना. सरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "सलाम, बाई."

पुण्यात बावन्न वर्षं काढलेल्या बाईला असं कुणी सलाम केला की तिचा चेहरा कसा होतो, ते सरांनी वाचलं असावं. "आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक असंच म्हणतो," ते म्हणाले. "दचकू नका."

मी दचकले नव्हते, हरखले होते. विचारलं, "कसं वाटतंय मग डब्लिन?"

सरांनी आकाशाकडे पाहिलं, माझ्या डब्याकडे पाहिलं. "आशा नाही," म्हणाले. "पण तास आहे."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. हवा कशी आहे विचारा, गुडघा कसा आहे विचारा, नातवंडं मराठी बोलतात का विचारा. पहिला भाग ठरलेला. नातवंडं समजायची सगळं, पण उत्तर द्यायची खास डब्लिनच्या इंग्रजीत, आणि तेही टीव्हीवरची नजर न काढता. मुलगा नि सून ड्यूटीवर. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस सर भिंतीशी बोलायचे, आणि त्या भिंतीची पलीकडची बाजू माझी असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

सातवा दिवस शनिवार. त्या दिवशी तास.

तर तो तास असा. या चर्चनं वस्तीतल्या सोमाली बायकांसाठी फुकट इंग्रजीचा वर्ग काढला होता. हॉल त्यांचा, चहा त्यांचा, बिस्किटं त्यांची. नियम एकच. ऐंशी मिनिटं इंग्रजी, आणि शेवटची दहा मिनिटं शुभवर्तमानातली एक गोष्ट, सोप्या भाषेत. ती दहा मिनिटं हाच खरा वर्ग. बाकीची ऐंशी म्हणजे केळवण. हे कुणापासून लपवलेलं नव्हतं. बायकांनाही ठाऊक होतं. त्या नमाज पढणाऱ्या, डोकी झाकलेल्या, शांतपणे येऊन बसायच्या, आणि दहा मिनिटांचं काय ते पुढचं पुढं, अशा चेहऱ्यानं वही उघडायच्या.

सर मात्र त्या दहा मिनिटांसाठी जीव टाकायचे. कारण त्यांचे पणजोबा.

"पणजोबांच्या सावलीला गावात कुणी उभं राहत नव्हतं, मेधाबाई. एक परदेशी बाई आली, तिनं त्यांच्या हातात पाटी दिली. बारा वर्षं त्यांनी तिच्याकडून अक्षरं घेतली, देव घेतला नाही. तेराव्या वर्षी घेतला."

"म्हणजे घाई नाही."

"घाई मुळीच नाही. पण पाटी फिरून कुणाच्या तरी हातात गेली पाहिजे का नको? आणि देव तर माझ्याकडं आहेच. तो काय कपाटात ठेवायचा?"

दुसऱ्या वर्षी मी या प्रकरणात शिरले. म्हणजे सरांनी मला ओढलं. कॉलेजात मी एकांकिका गाजवल्या होत्या हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं (मी ते सगळ्यांनाच पहिल्या महिन्यात सांगते). बॉल्सब्रिजच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून शोधून माझ्यातली नटी मरायला टेकली होती. सर म्हणाले, "एक भूमिका आहे."

"कुठली?"

"नकार."

सरांची शिकवण्याची पद्धत अशी की पहिल्या धड्यात सफरचंद नाही, मांजर नाही. पहिला धडा: 'वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू.' कळवण्यास खेद होतो की. "होकार समजायला इंग्रजी लागत नाही," सर म्हणायचे. "माणूस हसतो, कळतं. नकार समजायला लागतं." म्हणून मी दर शनिवारी टेबलामागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसायचे आणि नाकारायचे. कधी मी घरमालकीण. कधी शाळेची हेडमिस्ट्रेस. कधी हॉस्पिटलच्या खिडकीतली, 'डॉक्टर आज नाहीत' म्हणणारी. आणि सगळ्यात गाजलेली माझी भूमिका म्हणजे व्हिसा खात्याची अधिकारी. "तुमच्या अर्जासोबत एक कागद कमी आहे." हे वाक्य मी अशा थंडपणे टाकायचे की समोरच्या बाईच्या अंगावर काटा यायचा आणि बाकीच्या टाळ्या वाजवायच्या.

"तू फार छान नाही म्हणतेस," एकदा हलिमो मला म्हणाली. इतकी मनापासून दाद मला स्पर्धेच्या परीक्षकांनीही दिली नव्हती.

हलिमो चाळिशीची. हाडापेरानं मजबूत, नजर अशी की दूर टेकडीवर काहीतरी मोजते आहे. बालपण शेळ्यामेंढ्या आणि उंटांमागे गेलेलं. पहिल्या दिवशी ती दारातच थबकली होती म्हणे, आत चर्चचा हॉल बघून. सरांनी सवयीनं कपाळाला हात लावला, "सलाम," म्हणाले, आणि ती आत येऊन बसली. देश सोडताना तिची धाकटी मुलगी तापानं फणफणलेली होती. औषध मिळेल त्या दिशेनं तिला खांद्यावर घेऊन हलिमो निघाली, नि दोन मोठ्या मुलांना केनियातल्या छावणीत बहिणीपाशी ठेवलं. आठ दिवसांत येते म्हणाली. त्याला आता सहा वर्षं झाली होती. त्या दोघांना इकडे आणायचं म्हणून तिचे अर्ज चालले होते, आणि अर्जांना उत्तरं येत होती. सरकारी पाकिटावर इथं वीणेचं चित्र असतं. सर म्हणायचे, "वीणा वाजवून नाही म्हणणारं हे एकच सरकार."

दुसरी हिबो. बावीस वर्षांची, लहानपणीच आलेली. तिचं इंग्रजी अस्सल डब्लिनचं आणि सरांच्या चौपट वेगाचं. तिला वर्गाची काहीच गरज नव्हती. ती आईला आणून सोडायची आणि मजा बघत मागच्या बाकावर बसायची. माझी आणि तिची मैत्री का झाली हे सांगायला नको.

सरांच्या वर्गाचे आणखी दोन कायदे होते, ते नीट ऐका.

पहिला: कुणीही, कशाबद्दलही, स्वतःहून एक पूर्ण वाक्य इंग्रजीत बोललं, की सर चालू धडा थांबवायचे. "फुल सेंटेन्स!" असं ओरडायचे. खिशातून खडू काढून ते वाक्य फळ्यावर लिहायचे, पुढे बोलणारीचं नाव, आणि सगळ्यांनी एक टाळी वाजवायची. मग ते वाक्य काही का असेना. 'हा चहा वाईट आहे — हलिमो.' 'माझा नवरा घोरतो — सहरा.' एकदा तर 'सर, तुमची पँट फाटली आहे,' हेही सरांनी आधी फळ्यावर लिहिलं, टाळी घेतली, आणि मग मागे हात लावून पाहिला.

दुसरा कायदा सरांनी स्वतःपुरता केलेला. अडतीस वर्षांच्या नोकरीत 'मला माहीत नाही' हे शब्द त्यांनी वर्गात उच्चारले नव्हते. "मास्तर एकदा माहीत नाही म्हणाला की पोरांची पकड सुटते." अडचणीचा प्रश्न आला की सर घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चांगला प्रश्न. पुढच्या तासाला बघू." बायकांनाही ते पाठ झालं होतं. 'नेक्स्ट क्लास, सर' असं त्याच आधी म्हणायच्या.

आता त्या दहा मिनिटांची कथा.

हॉलकडे जाताना माझ्या गाडीत सर दहा मिनिटांची रंगीत तालीम करायचे. अगदी हातवाऱ्यांसकट. त्यामुळे उधळ्या पुत्रापासून हरवलेल्या मेंढरापर्यंत सगळं मला मुखोद्गत झालं. सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या गाडीतल्या माणसाला वाटायचं, हा म्हातारा या बाईला काय एवढं रागावतोय. पण वर्गात काय व्हायचं? बरोबर बाराला दहा कमी असताना सर पुस्तकाला हात घालायचे, आणि त्याच क्षणी कुणाच्या तरी पिशवीतून एक पाकीट निघायचं. गॅसचं. शाळेचं. हॉस्पिटलचं. बहुतेक वेळा वीणेचं, हलिमोचं. "सर, हे काय लिहिलंय?" सर पुस्तक मिटायचे, चष्मा चढवायचे, कागद वाचायचे, उत्तर लिहायला बसायचे, आणि बारा वाजायचे.

घड्याळाच्या काट्यावर शाळा चालवलेला माणूस! पण ती दहा मिनिटं त्याच्या हाताला काही लागेनात. परतताना गाडीत सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "आज पण राहिलं." मी म्हणायचे, "पुढच्या शनिवारी." ते म्हणायचे, "आशा नाही."

मला वाटायचं, बायका चलाख आहेत. मी मनातून त्यांच्या बाजूची होते, हे कबूल करते.

दोन हजार अठरात दोन गोष्टी एकदम झाल्या. सरांच्या मुलाला ट्रलीच्या हॉस्पिटलात मोठी जागा मिळाली. ट्रली देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलगा म्हणाला, चला बाबा. सर म्हणाले, शनिवारचा तास आहे, मी इथंच एखादी खोली बघतो. बापलेकांचं दोन आठवडे भिंतीपलीकडे वाजलं, आणि शेवटी ठरलं की वर्ग चालू असेल तोवर सर डब्लिनला राहतील, बंद झाला तर नगरला परत जातील. ट्रलीला जाऊन नातवंडांसोबत टीव्ही बघायला त्यांनी साफ नकार दिला. "तिथं मी कुणाचा सर?" एवढंच म्हणाले.

आणि त्याच महिन्यात चर्चच्या समितीनं विचारलं, की चार वर्षं झाली, फळ काय?

समितीच्या मॉरीनबाई स्वतः वर्ग बघायला येणार असं कळलं. या मॉरीनबाई स्वभावानं लोण्याच्या. त्यांना सगळं 'ग्रँड' असायचं. या देशात ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, ग्रँड म्हणजे बरं. पाऊस पडला, ग्रँड. घर जळलं आणि माणसं वाचली, ग्रँड. त्यांची अपेक्षा माफक होती. त्यांना फक्त ती दहा मिनिटं होताना बघायची होती.

सरांनी आदल्या शनिवारी सगळ्यांना बजावलं. "पुढच्या वेळी कागद घरी ठेवा. एकही पाकीट नको." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना डोलावल्या.

त्या दिवशी मी नकारसुद्धा गोड आवाजात दिले. हिबो मागचा बाक सोडून आईजवळ नीट बसली. मॉरीनबाई मागे खुर्ची घेऊन बसल्या, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर ग्रँड. बाराला दहा कमी झाले. एकही पिशवी वाजली नाही. आणि चार वर्षांत पहिल्यांदा, माझ्या डोळ्यांदेखत, रणनवरे सरांनी पुस्तक उघडलं.

गोष्ट हरवलेल्या मेंढराची. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, मी तुमच्यासाठी मराठीत सांगते. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं होती. त्यातलं एक हरवलं. तेव्हा त्यानं नव्याण्णव रानात सोडली आणि तो त्या एकाला शोधायला गेला. ते सापडल्यावर त्याला नव्याण्णवांपेक्षाही जास्त आनंद झाला. सरांनी ते असं सांगितलं की सिग्नलवर पन्नासदा ऐकलेली मीसुद्धा पुढे सरकले. मॉरीनबाईंनी रुमाल काढला.

हलिमोनं हात वर केला.

"सर. त्या नव्याण्णवांपाशी कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"रानात. कोण आहे त्यांच्यापाशी? त्याचा भाऊ?"

"भावाचं काही लिहिलेलं नाही."

"मग तरस येईल," हलिमो म्हणाली.

झालं. शेळ्यामेंढ्यांत वाढलेल्या नऊ बायका एकदम उठल्या. सहरा म्हणाली, तरस एकटं येत नाही. दुसरी म्हणाली, आधी शेजाऱ्याला हाक मारायची, मग जायचं. तिसरी म्हणाली, मेंढरं एकटी सोडली की ती काही जागेवर उभी राहत नाहीत, येईपर्यंत नव्याण्णवच्या नव्याण्णव हरवतील. हिबोला राहवेना. "म्हणजे युवर मॅन खरंच त्यांना सोडून गेला? सरळ चालायला लागला?" असं तिनं अस्सल डब्लिनी हेलात विचारलं (इथं 'युवर मॅन' म्हणजे 'तो बाबा'). चार वर्षांत त्या हॉलमध्ये एवढं इंग्रजी कुणी बोललं नव्हतं. सर या टोकापासून त्या टोकापर्यंत वळत होते, डोळे चमकत होते. नगरची आठवी ब आली असावी त्यांच्या डोळ्यांपुढे.

आणि त्या गोंधळातून हलिमोचा आवाज आला, सावकाश, स्पष्ट: "तो मेंढपाळ मूर्ख आहे."

"फुल सेंटेन्स!" सर ओरडले.

मी डोळे मिटले. खडूचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा गुंडाळी फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'तो मेंढपाळ मूर्ख आहे — हलिमो.' आणि सगळ्या वर्गानं, सरांसकट, एक दणदणीत टाळी वाजवली होती.

मग सरांना मॉरीनबाई दिसल्या.

हलिमो अजून उभीच होती. "पण सर, कोण आहे त्यांच्यापाशी?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "चांगला प्रश्न," ते म्हणाले. "पुढच्या तासाला बघू."

"ग्रँड," मॉरीनबाई म्हणाल्या, आणि पर्स उचलून गेल्या.

दहा दिवसांनी पाकीट आलं. त्यावर वीणा नव्हती, एवढाच काय तो फरक. सरांनी ते फाटकाशी उभं राहून मला मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिलं वाक्य मला पाठ होतं. 'वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू.' चार वर्षांच्या सेवेबद्दल आभार, हॉल आता दुसऱ्या कामासाठी. मी काहीतरी विनोद करायला गेले आणि तो जमला नाही.

"आशा नव्हतीच," सर म्हणाले. पुढचा भाग ते बोलले नाहीत. बोलायला उरलाच नव्हता.

नगरचं तिकीट निघालं. जायच्या आधीच्या शनिवारी मी सामान बांधायला मदत करायला गेले. मुलगा नि सून ट्रलीचं घर लावायला पुढे गेले होते. स्वयंपाकघरात दोन बॅगा, आणि एका बॅगेला सुतळीनं बांधलेला फळा. साडेदहा वाजले आणि दाराची घंटा वाजली.

नऊच्या नऊ जणी, आणि सोबत हिबो. तिच्या हातात थर्मास, सहराच्या हातात जाळीदार घावनांचं ताट, फडक्यात गुंडाळलेलं. सरांनी कपाळाला हात लावला. खुर्च्या चारच होत्या, म्हणून सगळ्या जमिनीवर बसल्या, आणि सर सवयीनं उभे राहिले. त्यांनी हजेरी घेतली. "प्रेझेंट, सर," नऊ वेळा.

मी आणि हिबो ओट्याशी चहा ओतत होतो. मी हळूच म्हटलं, "चार वर्षं गंडवलंत हं तुम्ही माझ्या सरांना. बरोबर बाराला दहा कमी असताना पाकीट!"

हिबो माझ्याकडे बघतच राहिली. "आम्ही? सरांनीच सांगितलेलं. कागद मधे काढायचे नाहीत, बाराला दहा कमी झाले की काढायचे. कुणा एकीपाशी तरी असलाच पाहिजे. नसला तर जुना आणा म्हणाले."

मी कप घेऊन सरांसमोर गेले आणि मराठीत विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"पहिल्या वर्षी दिली होती मी दहा मिनिटं," ते म्हणाले. "फार छान दिली. तुम्ही नव्हता तेव्हा. पुढच्या शनिवारी कुणीच आलं नाही. घरच्यांनी नको म्हटलं असेल, नाहीतर ह्यांनाच नको वाटलं असेल. तीन शनिवार मी रिकाम्या हॉलमध्ये हजेरी घेतली. चौथ्या शनिवारी हलिमो एकटी आली, हातात पाकीट. तीन आठवडे पिशवीत तसंच होतं ते. वाचून दाखवायला कुणी नव्हतं. मुलांचा अर्ज नाकारला होता, आणि अपिलाची मुदत आदल्या दिवशी संपली होती."

मी कप त्यांच्यापुढे ठेवला.

"तेव्हापासून नव्यानं अर्ज चाललेत तिचे. थोरला त्यात अठराचा झाला, तो आता येऊ शकत नाही." त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, खडू चाचपला. "दर शनिवारी तयारी करायचो मी, मेधाबाई. खोटी नाही, खरी. वाटायचं, आज धीर करू. मग दहा कमी व्हायचे, आणि वाटायचं, कुणीतरी पाकीट काढा रे लवकर."

मराठी कुणाला समजली नव्हती. पण हलिमोनं आपलं नाव ऐकलं होतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी होते.

"सर," ती म्हणाली, "आज कागद नाही. गोष्ट सांगा."

"कुठली?"

"मेंढरांची."

सरांनी सांगितली. पुस्तक बॅगेत होतं, त्यांनी तोंडानंच सांगितली. हातवारे केले नाहीत. कुणी मधे बोललं नाही, हिबोसुद्धा नाही. एक सापडलं, मेंढपाळ त्याला खांद्यावर घेऊन आला, इथं सर थांबले.

"मी पण आणलं, खांद्यावर," हलिमो म्हणाली. "एकीला आणलं." तिचा आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा. "सर, मागे राहिले त्यांच्यापाशी कोण आहे?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "चांगला प्रश्न," ते म्हणाले. "पुढच्या..."

आणि तिथंच अडले. बॅगेला बांधलेल्या फळ्याकडे त्यांनी पाहिलं, नऊ जणींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अडतीस अधिक चार, बेचाळीस वर्षांत वर्गात कधी न उच्चारलेले शब्द त्यांच्या तोंडून बाहेर आले, इतक्या मोठ्यानं की शेजारी माझ्या घरातही ऐकू गेले असतील.

"आय डोन्ट नो!" सर म्हणाले. "आय डोन्ट नो, हलिमो!"

सर उभेच होते, खडू हातात, लिहायला काही नाही. हलिमो त्यांच्याकडे बघत होती, त्या दूरच्या टेकडीवर बघावं तशी. मग एकाएकी तिचा हात बॅगेवरच्या फळ्याकडे गेला आणि ती ओरडली,

"फुल सेंटेन्स, सर!"